एका बायोसिमिलरवरून दुसऱ्यावर: क्रोन्सच्या एका रुग्णाचे प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण ३४ वर्षांच्या शिक्षिका. ओळख पटू नये म्हणून व्यक्तिगत तपशील बदलले आहेत. क्रोन्स आजाराचे (आतड्याला वारंवार दाह होणारा दीर्घकालीन आजार) निदान आठ वर्षांपूर्वी झालेले. आजार लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला. सुरुवातीला स्टिरॉइड दिले की बरे वाटायचे आणि कमी केले की पुन्हा जुलाब सुरू व्हायचे. तीनदा असे झाल्यावर इन्फ्लिक्सिमॅब (दर आठ आठवड्यांनी शिरेतून, म्हणजे इन्फ्युजनने, दिले जाणारे औषध) आणि ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती मंद करणारे औषध) ही जोडी सुरू केली.

जोडी देण्यामागचे कारण पुढे महत्त्वाचे ठरते, म्हणून इथेच सांगतो. इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ-अल्फा या दाहकारक प्रथिनाला अडवणारे प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, आहे. त्याचा काही भाग उंदराचा, बाकीचा माणसाचा. शरीराला ते परके वाटू शकते आणि मग शरीर त्याच्याविरुद्धच अँटिबॉडी बनवते. सोबत ॲझाथायोप्रिन असेल तर हे कमी होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या सॉनिक चाचणीत ५०८ रुग्ण होते. सव्विसाव्या आठवड्यात स्टिरॉइडशिवाय आजार शांत असलेल्यांचे प्रमाण जोडीच्या गटात ५६.८ टक्के, एकट्या इन्फ्लिक्सिमॅबच्या गटात ४४.४ आणि एकट्या ॲझाथायोप्रिनच्या गटात ३० टक्के होते.

या रुग्णाला जोडी लागू पडली. तीन वर्षे मूळ औषध चालले. मग रुग्णालयाने सगळ्यांनाच इन्फ्लिक्सिमॅबच्या पहिल्या बायोसिमिलरवर आणले. बायोसिमिलर म्हणजे मूळ जैविक औषधाशी अगदी मिळतेजुळते, दुसऱ्या कंपनीने बनवलेले औषध. तो बदल निर्विघ्न पार पडला, रुग्णाच्या लक्षातही राहिला नाही. दोन वर्षे आजार शांत राहिल्यावर बाईंनी ॲझाथायोप्रिन थांबवण्याची इच्छा दाखवली, कारण त्यामुळे होऊ शकणाऱ्या लिम्फोमाच्या (एक प्रकारचा रक्ताचा कर्करोग) धोक्याबद्दल वाचून त्या धास्तावल्या होत्या. ते थांबवले गेले. थांबवताना रक्तातली इन्फ्लिक्सिमॅबची पातळी पाहिली नव्हती.

त्यानंतर सुमारे अकरा महिन्यांनी खरेदीचा नवा करार झाला आणि रुग्णालयात दुसऱ्या कंपनीचे बायोसिमिलर येणार असे ठरले.

दुसऱ्या बदलाबद्दल तेव्हा काय माहीत होते

मूळ औषधावरून बायोसिमिलरवर जाण्याचा पुरावा भक्कम आहे. नॉर्वे सरकारच्या पैशातून झालेल्या नॉर-स्विच चाचणीत, सहा वेगवेगळ्या आजारांसाठी इन्फ्लिक्सिमॅबवर स्थिर असलेले ४८२ रुग्ण होते. निम्म्यांचे औषध बदलले, निम्म्यांचे तेच ठेवले. वर्षभरात आजार बळावलेल्यांचे प्रमाण मूळ औषधाच्या गटात २६ टक्के आणि बायोसिमिलरच्या गटात ३० टक्के निघाले, म्हणजे आधी ठरवलेल्या १५ टक्क्यांच्या मर्यादेत. एकट्या क्रोन्सच्या रुग्णांत मात्र २१.२ आणि ३६.५ टक्के असे आकडे आले आणि त्यावर बराच खल झाला. या उपगटापुरते उत्तर देण्याइतकी ती चाचणी मोठी नव्हती. पुढे २०१९ मध्ये फक्त क्रोन्सच्या २२० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत तिसाव्या आठवड्यात औषध बदलूनही काही वेगळे घडले नाही, तेव्हा ती शंका बरीच निवळली.

एका बायोसिमिलरवरून दुसऱ्या बायोसिमिलरवर जाण्याचे प्रकरण थोडे निराळे. दोघांची तुलना मूळ औषधाशी झालेली असते, एकमेकांशी नाही. दोन्ही जिवंत पेशींमध्ये तयार होतात आणि त्या पेशीही वेगवेगळ्या असू शकतात: एका बायोसिमिलरसाठी उंदराच्या, दुसऱ्यासाठी हॅमस्टरच्या. इथला पुरावा बहुतांशी निरीक्षणातून आलेला आहे. तो दिलासा देणारा असला तरी यादृच्छिक चाचण्यांच्या तोडीचा नाही. युरोपातील क्रोन्स आणि कोलायटिसच्या तज्ज्ञसंघटनेने २०१७ साली अशा बदलांबाबत पुरावा अपुरा असल्याचे नोंदवले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये युरोपीय औषध संस्था आणि सदस्य देशांच्या औषध नियंत्रकांनी संयुक्त निवेदनात स्पष्ट केले, की एकाच मूळ औषधाची मान्यताप्राप्त बायोसिमिलर एकमेकांच्या जागीही वापरता येतात.

थोडक्यात, बदल करण्यात गैर काही नव्हते. प्रश्न आला तो बदल कसा केला गेला, तिथे.

अडचण कशी उभी राहिली

रुग्णांना औषधविभागाकडून एक पत्र गेले. ‘आर्थिक कारणास्तव’ पुढील इन्फ्युजनपासून नवीन औषध देण्यात येईल, अशा आशयाचे. पत्रात दुसरे फारसे काही नव्हते. बाईंच्या हाती ते इन्फ्युजनच्या तीन दिवस आधी पडले.

इन्फ्युजन नेहमीसारखे झाले. वजन ५८ किलो, किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने २९० मिलिग्रॅम, म्हणून शंभराच्या तीन बाटल्या. पाचव्या आठवड्यानंतर थकवा, गुडघेदुखी आणि दिवसाला चार-पाच वेळा पातळ शौच सुरू झाली. हेल्पलाइनवर फोन केल्यावर उत्तर मिळाले, ‘नवीन औषध आहे, थोडा वेळ द्या.’

पुढच्या इन्फ्युजनआधी त्या ओपीडीत आल्या. सीआरपी (रक्तातला दाहाचा निर्देशक) ४, म्हणजे नॉर्मल. पोट मऊ, वजन तेवढेच. आजाराची तीव्रता मोजणारे हार्वे-ब्रॅडशॉ गुण ३ वरून ७ वर गेले होते, पण या मोजणीत बहुतेक गोष्टी रुग्ण सांगेल त्यावर असतात: कसे वाटते, दुखते किती, शौचाला किती वेळा. बाई पत्राबद्दल संतापलेल्या होत्या आणि ते त्या लपवत नव्हत्या. ‘डॉक्टर, स्वस्तातलं औषध दिलंत म्हणून झालं ना हे?’

केसपेपरवर ‘नोसिबो असण्याची शक्यता’ असे लिहिले गेले.

पहिला निर्णय: धीर द्यायचा की तपासायचे

नोसिबो ही काल्पनिक गोष्ट नाही. औषधाने अपाय होईल अशी धास्ती बसली की खरोखरच दुखते, खरोखरच जुलाब होतात, आणि रुग्णाला माहीत असताना औषध बदलले जाते त्या अभ्यासांत औषध सोडणाऱ्यांचे प्रमाण जास्त दिसते. त्यामुळे शंका रास्त होती. फक्त ते निदान इतर शक्यता बाजूला काढल्यावर करायचे असते, आणि इथे ते आधीच झाले.

सीआरपी नॉर्मल असल्याचा आधार त्यासाठी पुरेसा नव्हता. आजार लहान आतड्यात असलेल्या बऱ्याच रुग्णांत आतड्याला व्रण असूनही सीआरपी वाढत नाही. शौचातले कॅल्प्रोटेक्टिन (आतड्याला दाह असला की वाढणारे प्रथिन) पाहायला हवे होते, पण तुलनेसाठी हाताशी असलेला रिपोर्ट चार महिन्यांपूर्वीचा होता, ९६ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम. बदलाआधी नव्याने नमुना मागितला होता, तो आलाच नाही. शौचाचा नमुना आणायला रुग्ण टाळाटाळ करतात हे या क्षेत्रातल्या कुणालाही नवीन नाही, आणि डबी आयत्या वेळी हातात दिली तर तो येतच नाही.

शिवाय एक धागा समोरच होता. त्रास इन्फ्युजननंतर लगेच नाही, तर पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून सुरू झाला होता. डोस मिळाल्यावर दोन-तीन आठवडे बरे आणि पुढचा डोस जवळ आला की पुन्हा बिघाड, हा क्रम औषधाची रक्तातली पातळी खालावल्याचा ठळक संकेत असतो. भीतीला असे वेळापत्रक नसते. बाईंनी हे स्वतःच्या शब्दांत सांगितलेही होते: ‘शेवटी शेवटी औषध संपल्यासारखं वाटतं.’ ते वाक्य केसपेपरवर आहे, नोसिबोच्या नोंदीच्या दोन ओळी वर.

धीर देऊन दुसरे इन्फ्युजन दिले. तीन आठवडे बरे गेले, मग पुन्हा तेच. सहाव्या आठवड्यात नमुना मिळाला: कॅल्प्रोटेक्टिन ६४०. तेवढ्यात कळले, की गुडघ्यांसाठी त्या डायक्लोफेनॅक घेत होत्या. अशा वेदनाशामकांनी कॅल्प्रोटेक्टिन वाढते आणि आजारही चाळवू शकतो. ती गोळी बंद करून दोन आठवड्यांनी पुन्हा तपासले, ५२० आले. क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिलसह इतर जंतुसंसर्गाच्या तपासण्या निगेटिव्ह. कोलोनोस्कोपीत लहान आतड्याच्या शेवटच्या भागात नवे व्रण दिसले, अरुंदपणा नव्हता. आजार खराच उसळला होता.

रजिस्टरमधली नोंद

आता टीमचे मत दुसऱ्या टोकाला गेले: नवे औषधच लागू पडत नाही. बाईंचे म्हणणे तर सुरुवातीपासून तेच होते. जुने बायोसिमिलर खास मागवण्याची तयारी सुरू झाली. त्यासाठी फॉर्म भरताना नव्या औषधाचा बॅच क्रमांक लागत होता. डिस्चार्ज कार्डांवर मात्र सगळीकडे नुसतेच ‘इन्फ्लिक्सिमॅब ३०० मि.ग्रॅ.’ लिहिलेले.

इन्फ्युजन कक्षातल्या सिस्टर एक वही ठेवतात. पावडरच्या प्रत्येक बाटलीत १० मिलिलिटर पाणी घालायचे, बाटली हलवायची नाही, नुसती हलक्या हाताने गोल फिरवायची, नाहीतर फेस होतो. मग पाच मिनिटे ठेवायची. त्या पाच मिनिटांत सिस्टर बाटलीवरचे नाव आणि बॅच वहीत उतरवून घेतात. पत्रानंतरच्या पहिल्या इन्फ्युजनपुढे त्यांच्या अक्षरात जुन्या बायोसिमिलरचे नाव होते. नवा साठा यायला उशीर झाला होता, म्हणून उरलेल्या जुन्या बाटल्या वापरल्या गेल्या होत्या. कुणी हे रुग्णाला सांगितले नव्हते, डॉक्टरांनाही नाही.

म्हणजे पहिल्यांदा त्रास झाला तो जुन्याच औषधावर.

यावरून दोन अर्थ निघू शकत होते. एक, सुरुवातीचा त्रास नोसिबो आणि नंतरचा नव्या औषधाचा. दोन, औषध बदलण्याआधीच काहीतरी बिनसले होते. ठरवायचे कसे? त्या पहिल्या इन्फ्युजनच्या सकाळी, बदलाआधीचे म्हणून, रक्त घेतले होते. त्यावर सीआरपी आणि नेहमीच्या तपासण्या झाल्या होत्या. औषधाची पातळी खर्चिक म्हणून मागवली नव्हती, पण प्रयोगशाळेने उरलेले सीरम गोठवून ठेवले होते. ते आता तपासायला दिले.

दरम्यान तिसऱ्या इन्फ्युजनची तारीख आली. डोसआधी पातळीसाठी रक्त घेतले आणि ठरल्याप्रमाणे औषध सुरू केले. वीस मिनिटांत चेहरा लाल झाला, अंगाला खाज सुटली, छातीत जड वाटू लागले. इन्फ्युजन थांबवले, अँटिहिस्टामिन आणि हायड्रोकॉर्टिझोन दिले. अर्ध्या तासात बरे वाटले. उरलेले औषध दिले नाही.

आठवड्याने दोन्ही रिपोर्ट एकत्र आले. ताज्या नमुन्यात इन्फ्लिक्सिमॅबची पातळी ०.४ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी आणि अँटिबॉडी भरपूर. गोठवलेल्या नमुन्यात, म्हणजे नव्या औषधाचा थेंबही शरीरात जाण्याआधी, पातळी १.४ आणि अँटिबॉडी कमी प्रमाणात पण पॉझिटिव्ह. पुढच्या डोसआधीची पातळी निदान ५ असावी असे साधारणपणे धरले जाते.

पर्याय

जुन्या बायोसिमिलरवर किंवा मूळ औषधावर परत जाणे हा रुग्णाचा आग्रह होता, आणि भावनिकदृष्ट्या सर्वांत सोपा मार्गही. पण इन्फ्लिक्सिमॅबविरुद्धच्या अँटिबॉडी नाव वाचत नाहीत. मूळ औषधावर तयार झालेल्या अँटिबॉडी त्याच्या बायोसिमिलरलाही तशाच चिकटतात आणि उलटही. परत गेल्याने पातळी वाढली नसती, पुढच्या इन्फ्युजनला कदाचित याहून मोठी प्रतिक्रिया आली असती, आणि दोन-चार महिने हातचे गेले असते.

डोस वाढवणे किंवा अंतर आठवरून चार आठवड्यांवर आणणे, सोबत ॲझाथायोप्रिन पुन्हा सुरू करणे: अँटिबॉडी कमी असताना हे जमते, कधी कधी त्या नाहीशाही होतात. गोठवलेल्या नमुन्याच्या वेळी ही संधी होती. आता अँटिबॉडी भरपूर होत्या आणि इन्फ्युजनची प्रतिक्रियाही येऊन गेली होती, त्यामुळे हा मार्ग बंद.

अडॅलिमुमॅब हेही टीएनएफ अडवते, पण रेणू वेगळा, त्यामुळे आधीच्या अँटिबॉडी त्याच्या आड येत नाहीत. मात्र एका टीएनएफविरोधी औषधावर अँटिबॉडी बनवणारे शरीर दुसऱ्यावरही बनवण्याची शक्यता जास्त असते, म्हणून ॲझाथायोप्रिन जोडीला हवेच. रुग्णाला ते नको होते.

उस्टेकिनुमॅब वेगळ्या वाटेने काम करते, इंटरल्युकिन १२ आणि २३ यांच्या सामाईक पी-४० भागाला अडवून. त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी कमी बनतात आणि ते एकटे देता येते. परिणाम दिसायला थोडा वेळ लागतो.

काय केले आणि कसे समजावले

उस्टेकिनुमॅब ठरले. हा निर्णय अवघड नव्हता, अवघड होते ते रुग्णाच्या गळी उतरवणे. अँटिबॉडी सगळ्या ब्रँडना ओळखतात हे पहिल्यांदा सांगितले तेव्हा त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘तुम्ही तुमच्या औषधाचीच बाजू घेणार.’ यात त्यांचे काही चुकले असे म्हणवत नाही. आधी ‘वेळ द्या’, मग ‘मनाचे असेल’, मग ‘औषध लागू पडत नाही’, आणि आता ‘औषधाचा दोष नाही’ अशी चार वेगवेगळी उत्तरे त्यांना एकाच विभागातून मिळाली होती.

फरक पडला तो वही आणि दोन रिपोर्ट समोर ठेवल्यावर. तारखा, बाटल्यांची नावे आणि पातळ्या एका कागदावर ओळीने मांडल्या. बाईंनी स्वतःच्या डायरीशी त्या ताडून पाहिल्या. पत्र येण्याच्याही आधीच्या एका फेरीत, शेवटच्या आठवड्यात, ‘गुडघे धरलेत’ अशी नोंद त्यांना तिथे सापडली. ‘म्हणजे आधीपासूनच बिनसलं होतं तर,’ त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, ‘मग मला जुनं दिलंत हे तेव्हाच का नाही सांगितलंत?’ याला टीमकडे उत्तर नव्हते, माफी होती.

५५ ते ८५ किलो वजनासाठीचा ३९० मिलिग्रॅमचा पहिला डोस शिरेतून दिला, नंतर दर आठ आठवड्यांनी ९० मिलिग्रॅम त्वचेखाली. मधल्या काळासाठी ब्युडेसोनाइड हे मुख्यतः आतड्यातच काम करणारे स्टिरॉइड, ९ मिलिग्रॅम, आठ आठवडे, मग टप्प्याटप्प्याने बंद.

निष्पत्ती

सोळाव्या आठवड्यात शौच दिवसाला दोनदा, कॅल्प्रोटेक्टिन १८०. वर्षभराने केलेल्या कोलोनोस्कोपीत मोठे व्रण भरलेले, दोन-तीन बारीक फोडांसारखे व्रण उरलेले. उत्तम नाही, पण चांगले.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत महाग पडला तो बदलाआधीच्या मोजमापाचा अभाव, आणि त्यातही औषधाच्या पातळीचा. ती चाचणी महाग म्हणून टाळली जाते. ती टाळल्याने वाया गेलेली दोन इन्फ्युजने आणि एक कोलोनोस्कोपी यांचा हिशेब कुणी मांडत नाही. माझ्या मते ब्रँड बदलण्याचा दिवस ही पातळी पाहण्याची आयती संधी आहे. पातळी आधीच कमी असेल तर ते तेव्हाच कळते, उपाय शिल्लक असताना, आणि नंतर विनाकारण नव्या औषधावर खापर फुटत नाही. त्याहीपेक्षा आधी, ॲझाथायोप्रिन थांबवताना ती पाहायला हवी होती. ते थांबवणे चूक नव्हते. पण पातळी काठावर असेल तर थांबवणे जोखमीचे, आणि काठावर आहे की नाही हे न मोजता कळत नाही.

पत्राबद्दल. ‘आर्थिक कारणास्तव’ हे खरे होते आणि लपवायचे कारण नव्हते. पण ज्याच्या पोटात ते औषध आठ वर्षांचा आजार धरून ठेवते आहे त्याला तेवढेच सांगणे पुरेसे नाही. काय बदलते, काय बदलत नाही, त्रास झाला तर कुणाला फोन करायचा आणि तो माणूस काय तपासेल, हे ओळखीच्या माणसाने समोरासमोर सांगायला हवे. त्यातही सगळ्यांनी एकच सांगायला हवे.

ब्रँड आणि बॅच प्रत्येक कागदावर लिहिणे हा कारकुनी आग्रह वाटतो. अमेरिकेत औषध प्रशासनाने बायोसिमिलरच्या नावांना चार अक्षरांची निरर्थक शेपटी जोडली तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. इथे मात्र सगळा उलगडा एका सिस्टरच्या सवयीवर अवलंबून राहिला. ती वही हरवली असती तर हे प्रकरण ‘दुसऱ्या बायोसिमिलरला दाद न दिलेला रुग्ण’ म्हणून फायलीत गेले असते आणि कदाचित आणखी काही रुग्णांचा बदल त्यावरून रोखला गेला असता.

आता त्या विभागात बदलाआधीच्या भेटीतच शौचाच्या नमुन्याची डबी दिली जाते, पातळीचे रक्त त्या दिवशी घेतले जाते, आणि जुना साठा वापरला तर रुग्णाला तसे सांगितले जाते. उस्टेकिनुमॅबचेही बायोसिमिलर आले आहे. अमेरिकेत पहिल्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. या बाईंचा तो बदल अलीकडेच झाला. बदलाआधी कॅल्प्रोटेक्टिन १४०, तीन महिन्यांनी १५५. उजवा गुडघा अजून अधूनमधून दुखतो, त्यासाठी त्यांना संधिवाततज्ज्ञांकडे पाठवले आहे.